अमळनेरच्या एका मराठी बालवाडीविषयी: पहिलीच्या आधी मुलाला काय यायला हवे?

पहिलीत जाणाऱ्या मुलाला काय आले पाहिजे, याचे उत्तर आमच्याकडील बहुतेक पालक वहीत शोधतात. मुळाक्षरे लिहितो का, एबीसीडी पाठ आहे का, शंभरपर्यंत अंक काढतो का, एवढे पाहिले की त्यांचे समाधान होते. माझी मुलगी लहान गटापासून मोठ्या गटापर्यंत अमळनेरच्या ज्या बालवाडीत शिकली, तिथे पहिल्या वर्षी वही जवळजवळ कोरीच राहिली आणि त्यावरून पालकसभेत बराच वाद झाला. या बालवाडीत काही उणिवा आहेत, म्हणून तिचे नाव मी देत नाही. मात्र तिथे मुलांकडून जे करून घेतले जाते, ते नीट समजून घेण्यासारखे आहे.

गणिताची सुरुवात तिथे अंकांपासून होत नाही. मुलांसमोर तूर, मूग, उडीद आणि मका यांचे दाणे एकत्र करून ठेवतात आणि ते वेगळे करायला सांगतात. त्यानंतर लहान-मोठे, जड-हलके, कमी-जास्त अशी तुलना होते. केळीची फणी आणून प्रत्येक मुलाला एक केळे वाटायला सांगितले जाते. ‘एकाला एक’ हा संबंध हाताने अनुभवलेल्या मुलासाठी ‘पाच’ म्हणजे एक ठरावीक संख्या असते. शंभरपर्यंत घडाघडा म्हणणाऱ्या पण सात बिया मोजून देता न येणाऱ्या मुलाला मोजणे आले, असे मला म्हणता येणार नाही. परिसरातील बिनखर्चाच्या वस्तूंमधून शिकवण्याची ही रीत महाराष्ट्राला नवी नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ यांच्या साथीने हेच काम पुढे कोसबाडला नेले.

मला सर्वांत मोलाची वाटली ती भाषेची बाजू. आसपासच्या खेड्यांतून येणारी अनेक मुले घरी अहिराणी बोलतात. अशा मुलाने पहिल्याच आठवड्यात ‘माले पानी दे’ म्हटले की ‘नीट मराठीत बोल’ असे दटावण्याची पद्धत मी इतरत्र पाहिली आहे. त्यानंतर ते मूल कित्येक दिवस तोंडच उघडत नाही. इथल्या ताई आधी पाणी देतात, अहिराणीतच दोन शब्द बोलतात आणि मग तेच वाक्य प्रमाण मराठीत सहज म्हणून दाखवतात. गोष्टीही दोन्ही भाषांत होतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये तीन ते आठ वर्षांचा पायाभूत टप्पा मानून घरच्या भाषेला महत्त्व दिले आहे. या ताई ते धोरण रोजच्या वागण्यात उतरवतात, आणि त्यामुळेच वर्षाच्या अखेरीस सर्वांत बुजरी मुलेही गोष्ट ऐकून तिचा पुढचा भाग स्वतः सांगू शकतात. शब्दाचा पहिला आवाज ओळखणे, यमक जुळवणे, ‘क’ने सुरू होणाऱ्या वस्तू शोधणे हे खेळ अक्षरओळखीच्या आधी येतात. अक्षरेही ‘अ’पासून क्रमाने न शिकवता ‘ग, म, भ, न’ अशी सारख्या वळणाची आधी घेतात.

पेन्सिल उशिरा देण्यामागे कारण आहे. या वयात मनगटाची हाडे पूर्ण तयार झालेली नसतात आणि बोटांची पकडही कच्ची असते. म्हणून माती मळणे, कागद फाडणे, मणी ओवणे, गुंड्या लावणे यांवर भर असतो. पोळ्याच्या सुमारास मुले मातीचे बैल करतात. ती शिंगे ओढून काढताना बोटांना जो व्यायाम मिळतो, तो रेघोट्यांच्या वहीने मिळत नाही. स्वतःचा डबा उघडणे, हात धुणे, लघवीला जायचे असल्यास सांगणे, झोक्यासाठी आपली पाळी येईपर्यंत थांबणे, याही गोष्टी इथे शिकवण्याचा भाग मानल्या जातात.

आता उणिवा. वर्ग पत्र्याच्या छपराखाली आहेत आणि मार्चनंतर खानदेशातील उन्हात तिथे बसणे मुलांना फार जड जाते. सकाळची वेळ आणखी लवकर करण्याची मागणी अद्याप मान्य झालेली नाही. स्नेहसंमेलनाच्या सरावात बराच काळ मोकळा खेळ बंद पडतो. सर्वांत खटकणारी गोष्ट म्हणजे मोठ्या गटाच्या उत्तरार्धात पालकांच्या दबावामुळे रोजचा गृहपाठ सुरू होतो आणि आधीच्या धीराच्या कामावर पाणी पडते. पहिलीच्या प्रवेशाची भीती हे या दबावाचे मूळ असते; प्रत्यक्षात शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ नुसार शाळेला प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाळणी लावता येत नाही. व्यवस्थापनाने हे पालकसभेत ठामपणे सांगायला हवे होते.

शुल्क गावातील सेमी-इंग्रजी शाळांपेक्षा बरेच कमी आहे, रिक्षाची व्यवस्था मात्र पालकांनाच करावी लागते. प्रवेशापूर्वी वर्गात बसून पाहण्याची परवानगी मिळते. शक्यतो डबा खाण्याच्या आधीचा तास पाहावा, कारण मोकळा खेळ तेव्हाच असतो आणि ताई मुलांशी कशा बोलतात, हे तेव्हा स्पष्ट ऐकू येते.