पॅनोरमा हेड, आठ महिने वापरून

पॅनोरमा हेड म्हणजे ओळीने काढलेले फोटो जोडून एक रुंद चित्र करायचं असेल, तेव्हा कॅमेरा फिरवायला ट्रायपॉडवर बसवायचं साधन. समोर फक्त लांबचे डोंगर असतील तर हे हेड घेऊ नका. हातात कॅमेरा धरून काढलेले फोटोही नीट जुळतात. पण हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर पायाजवळचा खडकही चौकटीत हवा असेल, तर याला पर्याय नाही. साध्या ट्रायपॉडवर कॅमेरा तळाच्या स्क्रूभोवती फिरतो. त्यामुळे लेन्सची नजर दर फोटोला थोडी सरकते आणि जोडावर खडक तुटलेला दिसतो. हेडवर कॅमेरा मागे सरकवून लेन्समधला या नजरेचा बिंदू नेमका फिरण्याच्या अक्षावर आणता येतो, मग ती सरकत नाही.

तो बिंदू शोधायला तासभर द्याच. एक मीटरवर काठी रोवा आणि तिच्या बरोबर मागे लांबचा विजेचा खांब येईल असं उभं राहा. कॅमेरा उजवीकडे फिरवल्यावर काठी खांबाच्या डावीकडे सरकली तर कॅमेरा मागे घ्या, उजवीकडे सरकली तर पुढे. चौकटीच्या दोन्ही कडांना काठी खांबावरच राहिली की कॅमेरा ज्यावर सरकतो त्या पट्टीवरचा आकडा लिहून ठेवा. झूम बदललं की हा आकडाही बदलतो, म्हणून १८ मिमीवर झूमची रिंग चिकटपट्टीने बांधून टाकलेली बरी.

एपीएस-सी (फुल-फ्रेमहून लहान सेन्सरचा) कॅमेरा उभा लावला की १८ मिमीला आडवा कोन साधारण ४७ अंश मिळतो. खटके (फिरवताना कॅमेरा ठराविक कोनावर अडकतो त्या जागा) ३० अंशांवर ठेवा: पूर्ण फेरीला १२ फोटो, ओव्हरलॅप (शेजारच्या फोटोंतला सामाईक भाग) एक तृतीयांशाहून थोडा जास्त. ४५ अंशांवर आठच फोटो लागतात, पण ओव्हरलॅप जेमतेम दोन अंश उरतो आणि सॉफ्टवेअरला जुळवायला काही सापडत नाही.

एक्सपोजर, व्हाइट बॅलन्स, फोकस तिन्ही मॅन्युअल. पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) काढूनच ठेवा, नाहीतर आभाळात गडद पट्टा येतो आणि तो नंतर जात नाही. पातळी फिरत्या तबकडीच्या खाली साधायची. वर बॉलहेडने (कॅमेरा हवा तसा कलता करणाऱ्या गोल सांध्याने) साधली तर क्षितिज लाटेसारखं येतं. थोडी लाट हगिनमध्ये (फोटो जोडायचं सॉफ्टवेअर) उभ्या रेषा आखून निघते, चालती माणसं मास्क करून पुसता येतात.

तक्रारी दोन. खटक्यांचा स्क्रू सहाव्या महिन्यापासून ढिला पडतो, मग कॅमेरा खटक्यावर थांबूनही डुलतो. आणि पट्टीवरचे आकडे घासून पुसट होतात. आपल्या आकड्यावर सुईने बारीक ओरखडा मारून ठेवा, अंधारात नखालाही लागतो.