शेकरू की हरियाल? प्रकल्पाचा विषय ठरवण्याआधी

शेजारच्या अकरावीतल्या पोरानं परवा विचारलं, "काका, पर्यावरणाच्या प्रकल्पाला राज्यप्राणी घेऊ की राज्यपक्षी?" साताऱ्यात राहून हा प्रश्न पडणं साहजिक आहे, राज्यप्राणी शेकरू आणि राज्यपक्षी हरियाल, दोघेही जिल्ह्यात आहेत. दोघं फळांवर जगतात, झाडावरच राहतात, जमिनीवर क्वचित उतरतात.

वर्गीकरणाला अर्धं पान पुरे. शेकरू: सस्तन वर्ग, कृंतक गण, खारीचं कुळ, शास्त्रीय नाव रातुफा इंडिका. थोडक्यात, उंदराचा लांबचा भाऊबंद. हरियाल, म्हणजे खेड्यातली हरोळी: पक्षी वर्ग, कबुतर-पारव्यांचं कुळ, ट्रेरॉन फीनिकॉप्टेरस. अंग हिरवट, पाय मात्र हळदीसारखे पिवळे.

खरी मेख संवर्धनाच्या रकान्यात आहे. राज्यप्राणी म्हणजे दुर्मिळच, असं पोरं धरून चालतात. पण आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत दोघंही ‘लीस्ट कन्सर्न’, म्हणजे तूर्त फार काळजी नाही. एवढंच लिहून थांबलात तर गुण गेले. त्याच यादीत संख्येचा कलही दिलेला असतो: शेकरूचा उतरता, हरियालचा चढता.

शेकरू फांदीवरून फांदीवर जातं, उडी 6 मीटरपर्यंत. झाडांचे शेंडे एकमेकांना भिडलेले लागतात. मधून रुंद रस्ता गेला की त्याचं रान तुटलं. हरियालला पंख आहेत. वड-उंबर पिकला की तो गावातही येतो. अर्थात रस्ता रुंद करताना तोच वड पाडला, तर त्यालाही दुसरीकडे जावं लागतं.

माझं मत विचाराल तर महाबळेश्वर, जावळी, कोयनेकडचे असाल तर शेकरूच घ्या. महाबळेश्वरला एकदा मागच्या पायांवर तोल सांभाळत, झुपकेदार शेपूट खाली सोडून, हातात फळ फिरवत खाणारं शेकरू बघितलं. तासभर हललो नाही. साताऱ्यात, कराडात किंवा खटावकडे राहत असाल तर हरियाल. पिकल्या वडाखाली उभे राहा. पानांत तो दिसणार नाही, फळं मात्र टपटप पडतील. सकाळी लवकर निष्पर्ण शेंड्यावर थवा ऊन खात बसतो, तेव्हा मोजायला सोपं.

शेकरूची मात्र घरटी मोजून संख्या लिहू नका. एकच शेकरू अनेक घरटी बांधतं.