'आई कुठे काय करते': पात्रनिवडीने उभी राहिलेली मालिका आणि तिच्यातल्या तीन जोड्या

'आई कुठे काय करते' ही मालिका स्टार प्रवाह वाहिनीवर २३ डिसेंबर २०१९ रोजी सुरू झाली आणि ३० नोव्हेंबर २०२४ रोजी संपली. या जवळजवळ पाच वर्षांत तिने मराठी घरांमध्ये जेवढे वाद घडवून आणले, तेवढे अलीकडच्या फार थोड्या मालिकांना घडवता आले आहेत. घर सांभाळणाऱ्या अरुंधतीने दुसऱ्या स्त्रीशी संबंध ठेवणाऱ्या नवऱ्याला, अनिरुद्धला, माफ करायला हवे होते का, जुना मित्र आशुतोषशी लग्न करायला हवे होते का, अनिरुद्धच्या प्रेयसीची म्हणजे संजनाची भूमिका दीपाली पानसरे यांनी चांगली केली की रूपाली भोसले यांनी, हे प्रश्न मालिका संपल्यावरही चाहत्यांच्या बोलण्यातून गेलेले नाहीत. जिओहॉटस्टारवर ही मालिका नव्याने पाहणाऱ्यांना किंवा पहिल्यांदाच पाहायला घेणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून हे परीक्षण लिहीत आहे. माझे मत सुरुवातीलाच सांगते: या मालिकेतली सर्वांत जिवंत जोडी नवरा-बायकोची किंवा प्रियकर-प्रेयसीची नाही. ती अरुंधती आणि संजना या दोन बायकांची आहे, आणि जोपर्यंत लेखन या दोघींच्या संबंधावर टिकून राहते, तोपर्यंत मालिका उत्तम चालते.

मूळ कथा बंगालीतली. स्टार जलसा वाहिनीवरच्या 'श्रीमोयी'चे हे मराठी रूप आहे आणि २०२० मध्ये स्टार प्लसवर आलेली 'अनुपमा' हे त्याच कथेचे हिंदी रूप आहे. मराठी आणि हिंदी या दोन्ही मालिकांची निर्मिती राजन शाही यांच्या डिरेक्टर्स कट या संस्थेचीच असल्यामुळे दोन्ही पाहणारे प्रेक्षक सतत तुलना करत राहिले. बंगालीत इंद्राणी हालदार, मराठीत मधुराणी प्रभुलकर आणि हिंदीत रूपाली गांगुली या तिघींनी एकच बाई साकारली, तरी तीन वेगवेगळ्या बायका दिसल्या. हिंदीत ती नृत्य करते, मराठीत ती गाते, आणि हा बदल वरवरचा राहत नाही. नृत्याला डोळ्यांत भरणारा थाट लागतो, तर गाणे स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभे राहूनही गुणगुणता येते. पंचवीस वर्षे घराबाहेर कुणाला ऐकू न गेलेला आवाज ही कल्पना मराठी मध्यमवर्गीय घराला फार जवळची आहे, कारण लग्नाआधी गाणे शिकलेली आणि नंतर ते सोडून दिलेली एखादी मावशी किंवा काकू आपल्यापैकी पुष्कळांच्या नात्यात असते.

मधुराणी प्रभुलकर यांची निवड हा या मालिकेचा सर्वांत मोठा गुण आहे. त्या स्वतः गायिका आहेत आणि 'कवितेचं पान' या उपक्रमामुळे शब्दांवर प्रेम करणारी व्यक्ती म्हणूनही प्रेक्षकांना परिचित होत्या, त्यामुळे अरुंधतीच्या तोंडी येणारी मराठी स्वच्छ आणि स्वाभाविक वाटते. पण त्यांचे खरे बळ त्या संवाद संपल्यावर काय करतात यात आहे. नवऱ्याने चारचौघांत पाणउतारा केल्यावर त्या लगेच डोळे भरून घेत नाहीत. आधी हातातले काम पूर्ण करतात, कुणाला काही हवे आहे का ते पाहतात, आणि मग कुठेतरी एकट्या असताना चेहरा उतरतो. आपल्या मालिकांमध्ये अपमानाच्या प्रसंगी कॅमेरा तीन वेळा चेहऱ्यावर जाण्याची आणि मागे ढोल वाजण्याची सवय झाली आहे, आणि इथेही दिग्दर्शन त्या सवयीतून सुटलेले नाही. तरीही या अभिनेत्रीने त्या गोंगाटाच्या मधोमध शांतता सांभाळली, याबद्दल तिचे कौतुक करावे तेवढे थोडे आहे.

अनिरुद्धच्या भूमिकेत मिलिंद गवळी आहेत, आणि ही निवडही तितकीच विचारपूर्वक केलेली दिसते. ही भूमिका एखाद्या उघड दुष्ट दिसणाऱ्या नटाकडे गेली असती, तर मालिका सहा महिन्यांत संपली असती, कारण अशा माणसाला सोडून जाण्यात प्रश्नच उरत नाही. गवळींचा अनिरुद्ध देखणा आहे, सुशिक्षित आहे, आईवडिलांशी अदबीने वागतो, आणि आपल्यावर अन्याय झाला आहे असे त्याला मनापासून वाटते. त्याची क्षमायाचनासुद्धा हक्काची असते. बायकोने माफ केले नाही तर चूक तिची, असा त्याचा सूर असतो, आणि गवळी तो सूर कुठेही ओढूनताणून लावत नाहीत. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाच्या सुमारास अरुंधतीला नवऱ्याचे आणि संजनाचे संबंध कळतात, तिथून घटस्फोटापर्यंतचा भाग या दोघांच्या अभिनयासाठी आवर्जून पाहावा. घटस्फोटानंतर अरुंधती जोगळेकर हे माहेरचे आडनाव पुन्हा लावते, तेव्हा अनिरुद्धच्या चेहऱ्यावर दिसणारा राग हा नवऱ्याचा नसून मालकी हातची गेलेल्या माणसाचा आहे, हे प्रेक्षकाला न सांगता कळते.

आता संजनाविषयी, कारण चाहत्यांचा सर्वांत जास्त वाद याच व्यक्तिरेखेवर झाला आहे. सुरुवातीला ही भूमिका दीपाली पानसरे करत होत्या आणि २०२० च्या टाळेबंदीनंतर त्यांच्या जागी रूपाली भोसले आल्या. मराठी प्रेक्षकाला पात्र बदललेले फारसे रुचत नाही. 'माझ्या नवऱ्याची बायको'मध्ये रसिका सुनील यांच्या जागी ईशा केसकर शनाया म्हणून आल्या तेव्हाही कुरकुर झाली होती, आणि पुढे रसिका परत आल्या तेव्हा जुने चाहते खूश झाले. संजनाच्या बाबतीत मात्र बदल रुजला. चित्रीकरण बंद असल्यामुळे मध्ये मोठा खंड पडला होता आणि प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोरचा जुना चेहरा थोडा पुसट झाला होता, याचा फायदा नव्या अभिनेत्रीला नक्कीच मिळाला असावा. पण एवढ्यावर त्याचे श्रेय संपत नाही.

दीपाली पानसरे यांची संजना सौम्य होती. ती या नात्यात हळूहळू ओढली गेली आहे आणि आता मागे फिरता येत नाही, असे तिच्याकडे पाहून वाटत असे. रूपाली भोसले यांनी ती सौम्यता बाजूला ठेवली आणि संजनाला धार दिली, हट्ट दिला आणि स्वतःच्या हुशारीचा गर्व दिला. 'बिग बॉस मराठी'च्या दुसऱ्या पर्वात प्रेक्षकांनी त्यांना पाहिलेले होते आणि त्याआधी हिंदी विनोदी मालिकेतही त्यांनी काम केले होते, त्यामुळे टोमणा वेळेवर कसा टाकायचा हे त्यांना उत्तम ठाऊक आहे. माझ्या मते दोन्ही निवडी आपापल्या जागी योग्य होत्या. गुपित राखणाऱ्या संजनाला पानसरे शोभल्या असत्या, आणि सर्वांसमोर आपला हक्क सांगणाऱ्या संजनाला भोसलेच हव्या होत्या. कथा दुसऱ्या वाटेने गेली, म्हणून दुसरी संजना अधिक लक्षात राहिली.

अनिरुद्धशी लग्न झाल्यावर संजना त्याच्या कुटुंबाच्या 'समृद्धी' बंगल्यात राहायला येते आणि तिथे मालिकेची सर्वांत चांगली लिहिलेली वळणे सापडतात. ज्या पुरुषाने घरकामात गुंतलेल्या बायकोला कमी लेखून कमावत्या सहकारी स्त्रीवर प्रेम केले, तोच आता या दुसऱ्या बायकोकडून पहिलीसारखे घर सांभाळण्याची अपेक्षा करू लागतो, आणि शिवाय पहिलीकडे पुन्हा वळून पाहू लागतो. संजनाला आपण काय जिंकले हे कळत नाही. अरुंधतीला मात्र ते कळते, कारण ती त्या जागेवर पंचवीस वर्षे राहून गेलेली आहे. या काळात दोघी एकमेकींसमोर येतात ते प्रसंग भांडणाचे असोत वा समजुतीचे, त्यांत एक अवघड जिव्हाळा आहे. एकीला दुसरीचे दुःख आतून ठाऊक आहे आणि तरी मैत्री म्हणावी असे काही होऊ शकत नाही, हे दोन्ही अभिनेत्रींनी फार संयमाने दाखवले आहे. खलनायिका म्हणून लिहिलेल्या बाईची प्रेक्षकाला काळजी वाटू लागावी, हे दैनंदिन मालिकेत क्वचित घडते. रूपाली भोसले यांना पात्राच्या वागण्यावरून शिव्याशाप देणाऱ्या चाहत्यांनी हे भाग पुन्हा पाहावेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे. पात्राचा राग नटीवर काढणे हे तिच्या कामाचे कौतुक नसते, तो तिच्यावर अन्याय असतो.

आशुतोष केळकर ही तिसरी बाजू. अरुंधतीवर महाविद्यालयाच्या दिवसांपासून मूकपणे प्रेम करणारा हा मित्र ओंकार गोवर्धन यांनी साकारला. 'सावित्रीज्योती' या मालिकेत जोतीराव फुले यांची भूमिका केलेला हा नट गंभीर प्रकृतीचा आहे आणि त्याचा आवाज विश्वास वाटावा असा आहे. मधुराणी यांच्या शेजारी तो वयाने लहान दिसतो हा आक्षेप अनेकांनी घेतला आणि पडद्यावर पाहता त्यात तथ्य आहे हे मान्य करावे लागते. पण वयाचा मुद्दा मला तितकासा महत्त्वाचा वाटत नाही. मोठी अडचण लेखनातली होती. आशुतोष इतका समजूतदार, इतका श्रीमंत आणि इतका निःस्वार्थी लिहिला गेला की त्याच्यात आणि अरुंधतीत खटके उडायला जागाच उरली नाही. हिंदीत गौरव खन्ना यांच्या अनुजला आणि बंगालीत टोटा रॉय चौधरी यांच्या रोहित सेनला प्रेमकथेच्या नायकाचा डौल दिला होता. मराठीने तो मोह टाळला, त्याबद्दल मला मराठी लेखनाचा आदर वाटतो, पण डौल काढून घेतल्यावर त्याच्या जागी माणसाच्या लहानसहान खोडी आणि कमतरता ठेवायला हव्या होत्या. २०२३ मधल्या त्यांच्या लग्नाच्या भागांत खरी गोडी आहे ती नवरा-नवरीपेक्षा आप्पांमध्ये, म्हणजे अनिरुद्धच्या वडिलांमध्ये.

किशोर महाबोले यांचे आप्पा म्हणजे या मालिकेचे मर्म आहे. सून म्हणून आलेल्या मुलीला मुलीसारखे वागवणे हे आपल्याकडे बोलण्यात सोपे असते. स्वतःच्या मुलाविरुद्ध तिच्या पाठीशी उभे राहणे आणि तिच्या दुसऱ्या लग्नालाही आशीर्वाद देणे हे फार थोड्यांना जमते, आणि महाबोले ते कुठलाही आव न आणता करतात. त्यांच्यासमोर अर्चना पाटकर यांची कांचन, म्हणजे अनिरुद्धची आई आहे. तिचे अरुंधतीवर प्रेम आहे आणि मुलाचा दोष तिला दिसतही असतो, पण पोटच्या पोराविरुद्ध बोलताना तिची जीभ अडते. ज्यांना कांचन केवळ त्रासदायक सासू वाटली, त्यांनी पाटकरांचे काम घाईने पाहिले असे मी म्हणेन.

अरुंधती आणि अनिरुद्ध यांच्या मुलांविषयी आणि त्यांच्या जोड्यांविषयी थोडक्यात बोलणे पुरे आहे. अभिषेक देशमुख यांचा यश आणि गौरी कुलकर्णी यांची गौरी ही जोडी तरुण चाहत्यांना फार आवडली आणि ती मोडल्यावर पुष्कळांनी मालिका सोडली. निरंजन कुलकर्णी यांचा अभिषेक बापाच्याच वळणावर जातो, हे कथानक मोठ्या शक्यतांचे होते. त्याची बायको अनघा साकारणाऱ्या अश्विनी महांगडे यांनी त्याला वजनही दिले, पण ते घाईत आटोपले गेले. अपूर्वा गोरे यांच्या ईशाचा हट्टीपणा मात्र इतक्या वेळा तसाच्या तसा परत आला की पात्र वाढतच नाही असे वाटू लागले.

माझी खरी तक्रार शेवटच्या दीड-दोन वर्षांबद्दल आहे. आशुतोषचा मृत्यू घडवून अरुंधतीला पुन्हा एकटी करण्याचा निर्णय कथेच्या गरजेतून आलेला वाटत नाही. दुसरे लग्न करण्यासाठी एका मध्यमवयीन आईने घराशी, मुलांशी आणि समाजाशी केवढा झगडा दिला होता, आणि तो झगडा प्रेक्षकांनी तिच्याबरोबर जगला होता. ते लग्न नीट नांदू न देता तिला विधवा करणे म्हणजे तिच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या प्रेक्षकांचे मन मोडणे होते. त्यानंतर संकटांची रांग लागते, जुनी पात्रे परत येतात, अनिरुद्ध पुन्हा मध्ये पडतो आणि प्रत्येक आठवड्याला नवा प्रोमो येतो. मार्च २०२४ मध्ये मालिका संध्याकाळी साडेसातच्या जागेवरून दुपारी अडीचला नेण्यात आली, आणि एकेकाळी टीआरपीच्या यादीत वरच्या स्थानावर असलेली ही कथा नोकरदार प्रेक्षकांच्या नजरेआड गेली. त्या काळातही मधुराणी प्रभुलकर यांच्या कामात कसूर दिसत नाही, उलट कमकुवत प्रसंगांना त्यांच्यामुळेच धीर मिळतो.

नव्याने पाहणाऱ्यांना माझा सल्ला असा की, पहिल्या भागापासून घटस्फोटापर्यंतचा प्रवास सलग पाहावा, कारण तिथे एकही वळण वाया गेलेले नाही. त्यानंतर संजना 'समृद्धी'त आल्यावरचे भाग पाहावेत, आणि त्या वेळी अनिरुद्धकडे दुर्लक्ष करून दोघींकडे लक्ष ठेवावे. आशुतोषच्या लग्नाचा भाग आप्पांसाठी जरूर पाहावा. पुढचे भाग ज्यांना अरुंधतीचा निरोप घेणे जड जाते त्यांनीच सवडीने पाहावेत, आणि दोन-चार भाग गाळले तरी कथा सापडते, याची मी खात्री देते.