निर्णयवृक्ष आधी की माँटे कार्लो?

निर्णय आणि जोखीम विश्लेषण विद्यापीठात शिकताना सुरुवात निर्णयवृक्षापासून (पर्याय आणि त्यांचे संभाव्य परिणाम फांद्यांसारखे मांडणारी आकृती) करावी की माँटे कार्लो पद्धतीपासून (संगणकावर यदृच्छया आकडे निवडून केलेला हिशेब), हा प्रश्न लासलगावच्या कांद्यावर तपासून पाहता येतो. समजा, आजचा भाव क्विंटलला १२०० रुपये आहे आणि चाळीत साठवल्यास पुढे २००० किंवा ८०० मिळण्याची शक्यता निम्मी-निम्मी आहे. साठवणुकीत २५ टक्के घट धरली, तर अपेक्षित मूल्य (शक्यतांनुसार काढलेली सरासरी) १०५० येते आणि वृक्ष आजच विकायला सांगतो. घट १० टक्क्यांवर आणली, की तेच मूल्य १२६० होते आणि कौल फिरतो. निर्णय नेमका कोणत्या गृहीतकावर टेकला आहे, हे कागद-पेन्सिलीने इतके स्वच्छ दिसते.

१९४०च्या दशकात अमेरिकेतील लॉस अलामोस येथे उलाम आणि फॉन नॉयमन या गणितज्ञांनी विकसित केलेली माँटे कार्लो पद्धत भाव आणि घट हजारो वेळा यदृच्छया निवडून सरासरीबरोबर तोट्याची शक्यताही दाखवते, आणि कर्जाचा हप्ता डोक्यावर असलेल्या शेतकऱ्याला तीच अधिक महत्त्वाची असते. मात्र सगळीकडेच कांदा सडला की आवक घटून भाव चढतो. हा संबंध विसरून दोन्ही गोष्टी स्वतंत्र धरल्या, तर संगणकाचा देखणा आलेखही फसवा ठरतो. पहिल्या सत्रापुरता माझा कल म्हणूनच वृक्षाकडे आहे.