जुन्या झेनॉनला मोठे टायर आणि लिफ्ट: कोल्हापूरच्या गॅरेजचा अनुभव

गॅरेजवाला आधी टेप हातात घेतो की कॅटलॉग, यावरून माणूस कळतो. आमच्याने टेप घेतला. पाचपैकी चार गुण त्याचेच.

गाडी २०११ची झेनॉन, टाटाची पिकअप, फोर बाय फोर. काम साखरप्याकडच्या आंब्याच्या बागेत. शेवटचा रस्ता म्हणजे नुसता जांभ्याचा कातळ, मध्ये ओहोळ. मूळ टायर २३५/७० आर १६, म्हणजे रुंदी २३५ मिलिमीटर, बाजूची उंची तिच्या ७० टक्के, रिम १६ इंची. माझ्या डोक्यात २६५/७५ बसले होते. मिस्त्रींनी एक बाजू जॅकवर चढवली, स्टेअरिंग पूर्ण वळवलं, फेंडरच्या आत हात घातला आणि म्हणाले, "बसवतो की. पण मग लायनर, म्हंजे फेंडरच्या आतलं प्लास्टिक, कापायचा, पत्रा ठोकायचा. आणि वळणावर चाक घासलं तर मला फोन करायचा न्हाई." २४५/७५वर मिटलं.

या मापाने टायरचा व्यास साधारण ३८ मिलिमीटर वाढतो, म्हणजे मागचं डिफरेन्शियल (मागच्या ॲक्सलवरचा गिअरचा गोळा) जमिनीपासून १९ मिलिमीटर वर. कमी वाटेल, पण ते वर जातं ते टायरमुळेच. लिफ्टने ते एक सूतही हलत नाही. लिफ्ट उचलते चासी आणि बॉडी.

पुढे स्प्रिंगच्या जागी पीळ घेणारी दांडी, म्हणजे टॉर्शन बार असल्याने ॲडजस्टिंग बोल्ट आवळला की नाक वर येतं. एवढंच करून लिफ्टचे पैसे घेणारे बरेच आहेत. बोल्ट फार आवळला तर चाकाला खाली सुटायला जागा राहत नाही, खड्ड्यात दणका बसतो, चाक फिरवणाऱ्या शाफ्टचा कोन वाढून त्याच्या सीव्ही जॉइंटचे बूट, म्हणजे रबरी टोप्या, फाटतात. यांनी इंचभरावर हात थांबवला आणि लगेच अलाइनमेंट करून घेतलं. मागे ॲक्सल आणि पाट्यांच्या मध्ये ब्लॉक टाकायला साफ नकार. सपाट झालेले पाटे उतरवून कमान परत मारली, बुश नवे घातले, पाट्याचं टोक चासीला जोडणारे शॅकल दोन इंच लांब लावले. दोन इंचांच्या शॅकलने उंची एकच इंच वाढते, त्यामुळे मागचं-पुढचं जमलं. शॉकअपही थोडे लांब टाकले. टायर सोडून बिल २३,४०० रुपये.

सायलेन्सर जिथे हमखास घासायचा तो दगड आता खालून जातो. हौदा पेट्यांनी भरला तरी बूड बसत नाही. बदल्यात आंबा घाटात तिसऱ्यावर चढायची तिथे दुसरा टाकावा लागतो, आणि काटा ८० दाखवतो तेव्हा गाडी ८४च्या आसपास असते.

आता कापलेला एक गुण. हेडलाइट खाली केलेच नाहीत. रात्री समोरचा प्रत्येकजण डिपर मारत होता. दुसरं, कायद्याबद्दल चकार शब्द नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनमध्ये फेरफार चालत नाही, २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. अशी कामं रोज करणाऱ्याने गिऱ्हाइकाला आरटीओ आणि विमा कंपनीला आधी विचारायला सांगायला नको?

आणि स्टेपनी! मोठा टायर हौद्याखाली मावत नाही, हेही गाडी घेऊन निघताना सांगितलं. ती आता हौद्यात आडवी पडलेली असते. त्यासाठी त्यांच्याकडे ब्रॅकेट मिळतं. किंमत ऐकली, आणि स्टेपनीवरच पेट्या रचायला घेतल्या.