रायबोझोम असेंब्लीचा कोर्स: नोमुरापर्यंत झकास, पुढे नुसती घाई

नेट परीक्षेच्या तयारीसाठी हा रेकॉर्डेड कोर्स ऑफरमध्ये घेतला, नाव मुद्दाम देत नाहीये, पण त्यातलं बॅक्टेरियाचा रायबोझोम (पेशीतलं प्रोटीन बनवणारं यंत्र) कसा जुळतो हे युनिट पूर्ण बघितलं म्हणून लिहितोय.

पहिला अर्धा भाग खरंच भारी आहे. 30एस, म्हणजे रायबोझोमचा लहान भाग, हा 16एस नावाचा आरएनए आणि 21 प्रोटीन्स मिळून होतो, हे सगळ्यांनाच पाठ असतं, पण मॅम तिथे न थांबता थेट ट्राउब आणि नोमुराच्या 1968 च्या प्रयोगावर जातात. आरएनए वेगळा काढला, प्रोटीन्स वेगळी काढली, परत ट्यूबमध्ये एकत्र करून तापवलं की काम करणारा 30एस तयार, बाहेरून एकही एन्झाइम टाकायचं नाही! मग एस4, एस7, एस8, एस15, एस17, एस20 ही प्रोटीन्स आधी सरळ आरएनएवर बसतात आणि ती बसली की आरएनएची घडी बदलते, त्यातून पुढच्या प्रोटीनला जागा होते, म्हणून तो क्रम. हा क्रमाचा मॅप मी नुसता घोकत होतो, मॅमनी एकेक बाण काढत दाखवला तेव्हा डोक्यात बसला. थंड ठेवलं तर अर्धवट कण अडकून राहतो, तापवल्यावर पुढे सरकतो, हेही नीट सांगितलंय.

50एसला, म्हणजे रायबोझोमच्या मोठ्या भागाला, मात्र गाडी पळवलीये. नीअरहाउस आणि डोमे यांची ट्यूबमध्ये 50एस जुळवायची 1974 ची पद्धत, आधी 44 डिग्री, मग मॅग्नेशियम वाढवून 50 डिग्री, एवढं वाचून दाखवलं आणि झालं. अहो पण ज्या बॅक्टेरियाचा हा रायबोझोम तो ई. कोलाय 50 डिग्रीला वाढतच नाही, मग पेशीत 37 ला दोनेक मिनिटांत हे कसं उरकतं? खरी मजा तिथेच आहे ना. आरएनए अजून तयार होत असतानाच प्रोटीन्स बसायला लागतात, आरनेझ थ्री हा एन्झाइम लांब आरएनए कापून 16एस आणि 23एसचे (50एसमधला मोठा आरएनए) तुकडे सुटे करतो, आरबीएफए, रिमएम, एरा अशी मदतनीस प्रोटीन्स असतात, आणि ह्या सगळ्याला एकच स्लाइड! क्रायो-ईएममध्ये (गोठवलेले कण बघायची इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी) 50एस एकाच रांगेत न जाता वेगवेगळ्या वाटांनी जुळताना दिसलाय, त्याचं तर नावच नाही.

आवाज स्वच्छ आहे, मराठी-इंग्लिश मिक्समुळे पटकन कळतं. नोट्सची पीडीएफ डाउनलोड होत नाही, ॲपमध्येच वाचावी लागते, डोकेदुखी नुसती. 30एससाठी डोळे झाकून घ्या, बाकीच्यासाठी एखादा ताजा रिव्ह्यू पेपर हाताशी ठेवा. पाचपैकी साडेतीन.