स्तन काढावा की राखावा?

सुरुवातीच्या टप्प्यात स्तनाच्या कर्करोगाचे निदान झाले की पुष्कळ रुग्णांपुढे दोन मार्ग ठेवले जातात: संपूर्ण स्तन काढणे, किंवा भोवतालच्या थोड्या निरोगी भागासह केवळ गाठ काढून उरलेल्या स्तनाला रेडिएशन देणे. ‘सगळेच काढले की घोर मिटला’ असे घरातल्यांना वाटते, आणि त्यांना हसण्याचे कारण नाही, कारण शल्यचिकित्सकही जवळजवळ पाऊण शतक तसेच मानत होते. बाल्टिमोरच्या विल्यम हॉल्स्टेड यांनी १८९४ मध्ये मांडलेल्या पद्धतीत स्तनासोबत छातीचे स्नायू आणि काखेतील लसीका ग्रंथीही काढल्या जात.

या समजुतीची खरी परीक्षा १९७० च्या दशकात झाली. मिलानमध्ये उंबेर्तो वेरोनेसी यांनी दोन सेंटिमीटरपर्यंतची गाठ असलेल्या ७०१ स्त्रियांवर, तर अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांनी चार सेंटिमीटरपर्यंतच्या गाठींबाबत दोन्ही मार्गांची तुलना केली. वीस वर्षांच्या पाठपुराव्याचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि दोन्ही गटांतील स्त्रियांच्या जगण्याच्या प्रमाणात फरक आढळला नाही. (फिशर यांच्या अभ्यासातील एका कॅनेडियन केंद्राने नोंदींत फेरफार केल्याचे मधल्या काळात उघड झाले होते, त्या नोंदी वगळल्यावरही निष्कर्ष तोच राहिला.)

फरक आहे तो त्याच जागी आजार उलटण्यात. मिलानमध्ये स्तन राखलेल्या गटात हे प्रमाण ८.८ टक्के, तर काढलेल्या गटात २.३ टक्के होते. फिशर यांच्या अभ्यासात गाठ काढून रेडिएशन न घेतलेल्यांपैकी ३९ टक्के स्त्रियांच्या त्याच स्तनात आजार परतला, रेडिएशन घेतलेल्यांत १४ टक्क्यांच्या. आजची औषधे ही जोखीम आणखी कमी करतात. तरीही रेडिएशन पूर्ण करणे जमणार नसेल, तर स्तन राखण्याचा मार्ग सहसा निवडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

जमण्याचा हा प्रश्न गावाकडच्या रुग्णासाठी मोठा असतो. आठवड्यातून पाच दिवस, पूर्वी पाच-सहा आठवडे आणि आता बहुधा तीन आठवडे चालणाऱ्या रेडिएशनसाठी शहरात राहावे लागते. मुंबईत टाटा रुग्णालयाचे कितीतरी रुग्ण दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरतात ते यासाठीच. मात्र स्तन काढल्याने हा मुक्काम टळेलच असे नाही, कारण गाठ मोठी असेल किंवा काखेत आजार पोहोचला असेल, तर त्यानंतरही रेडिएशन लागू शकते. एकाच स्तनात दूरदूर अनेक गाठी असतील किंवा छातीला पूर्वी रेडिएशन दिलेले असेल, तर बहुधा काढण्याचाच सल्ला मिळतो.

निवडीसाठी मिळणारे चार दिवसही आपोआप आलेले नाहीत. पूर्वी बायोप्सीसाठी, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासण्यासाठी, भूल दिलेली स्त्री शुद्धीवर येई तेव्हा स्तन काढलेला असे. अमेरिकेतील पत्रकार रोझ कुशनर यांनी १९७४ मध्ये स्वतःच्या बाबतीत हे नाकारले आणि बायोप्सी व शस्त्रक्रिया वेगळ्या वेळी व्हाव्यात यासाठी मोहीम चालवली. १९७९ मध्ये तेथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या तज्ज्ञ मंडळाने ते मान्य केले. विशेष म्हणजे कुशनर यांनी स्वतः स्तन काढण्याचाच निर्णय घेतला, फक्त छातीचे स्नायू राखणारी शस्त्रक्रिया शोधण्यासाठी त्या न्यूयॉर्क राज्यातील बफेलो शहरापर्यंत गेल्या. दुसरे मत घेण्यात गेलेल्या थोड्या दिवसांनी सहसा अपाय होत नाही. जाताना बायोप्सीच्या अहवालाबरोबर स्लाइड (काचपट्टीवरचे पातळ काप) आणि ब्लॉक (मेणात जतन केलेला तुकडा) हेही मागून घ्यावेत.